सोहोन्यांकडे मामा आले

आनंद सोहोनी अमेरिकेत खून करून पळून आलाय, हे आमच्या निशिगंध सोसायटीत त्याच्या बॅगांची कुलपं उघडायच्या आत ठरलं होतं. ठरवलं कुणी ते माहीत नाही. पसरवायचं काम मात्र आमच्या मजल्याकडे आलं, आणि ते आम्ही मन लावून केलं. पुरावे भक्कम होते. नऊ वर्षांत एकदाही न फिरकलेला माणूस संक्रांतीनंतरच्या एका पहाटे बायको आणि सात वर्षांच्या मुलीसकट टॅक्सीतून उतरतो, चॉकलेटचा एक तुकडा कुणाला वाटत नाही, आणि आठवडा झाला तरी गॅलरीत साधा पंचा वाळत घालत नाही. अमेरिकेहून आलेला माणूस गॅलरीत उभा राहणार नाही, हे कर्वेनगरात शक्य आहे का? निदान आपल्याकडे धूळ किती वाढली आहे हे सांगायला तरी तो उभा राहतोच.

"आनंदा आणि खून?" माझी बायको शालू म्हणाली. "तो झुरळ मारायला आईला हाक मारायचा."

खात्री करून घ्यावी म्हणून मी एक वाटी घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. आनंदाच्या आईनं, कुसुमकाकूंनी, दार उघडलं. वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नाना, ही वाटी तुमचीच आहे. मी ती मागच्याच महिन्यात परत केली होती. विचारायचंय ते विचारा."

"तसं काही नाही काकू, लोक म्हणतात..."

"लोकांना सांगा, खूनबिन काही नाही. खून केला असता तर तिथल्या सरकारनं बसवून खायला तरी घातलं असतं. हा बिनकागदाचा राहिला. नोकरी गेली, व्हिसा गेला, आणि हा तिथेच राहिला. आता खाली जाऊन पूर्ण सांगा, अर्धं सांगू नका."

त्यांच्या मागे घर अंधारं होतं. भर सकाळी पडदे ओढलेले. आत तीन माणसं होती आणि भांड्याचा एक आवाज नव्हता.

आनंदा दोन हजार साली गेला तेव्हा आम्ही सगळे त्याला सोडायला खाली उतरलो होतो. त्या वर्षी पुण्यात ज्याला कीबोर्ड बडवता येत होता तो प्रत्येक जण कुठेतरी उडत होता. आनंदाचे वडील दिगंबरराव महापालिकेत कारकून. मुलाच्या पगाराचे रुपये करून सांगताना त्यांना मधे एकदा श्वास घ्यायला लागायचा. सहा महिन्यांनी रुपाली गेली. ती अमरावतीची, नवी नवरी. आणि पुढच्या वर्षी तिकडचा बाजार बसला. आनंदाला ज्या कंपनीनं नेलं होतं तिचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि एक फॅक्स मशीन, हे तिला टाळं लागलं तेव्हा कळलं. व्हिसा कंपनीच्या नावावर, कंपनीच नाही. रुपालीला दिवस गेलेले. दोन महिन्यांत दुसरीकडे लागेल, मग बघू, असं म्हणत तो थांबला. ते 'मग बघू' इतकं लांबलं, की आता देश सोडला तर दहा वर्षं परत पाय ठेवता येणार नाही, असा तिथला कायदा त्याला लागू झाला. आधी राहायची परवानगी नव्हती, नंतर निघायची हिंमत राहिली नाही.

तो न्यू जर्सीत पेट्रोल पंपावर उभा राहायचा. इकडे दिगंबरराव बिल्डिंगमध्ये सांगायचे, "ग्रीन कार्डाचं चाललंय. वेळ लागतो." दिगंबरराव पाचेक वर्षांनी गेले, तेव्हाही ते चाललेलंच होतं. आनंदा आला नाही. आम्ही तेव्हा त्याला काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. कागद चांगला आहे.

मग तो आला तेव्हा आम्हाला वाटलं, चला, सुटला. आता हिंजवडीच्या बसला लागेल, फ्लॅट घेईल, ट्रॅफिकला शिव्या घालेल, आमच्यासारखा होईल. त्याच्या वर्गातले सगळे तेच करत होते. पण आनंदा नुसता देहानं उतरला होता. जिन्यात कुणाची चाहूल लागली की तो वळणावर थांबायचा, आणि माणूस आपल्या दारात शिरला की मगच पुढे निघायचा. त्यानं दारावर स्वतःचं नाव लावू दिलं नाही. दिगंबररावांचीच पाटी ठेवली. बेल वाजली की आतले सगळे आवाज थांबायचे. थांबायचे म्हणजे कापल्यासारखे. मी एकदा गंमत म्हणून बेल वाजवून दाराला कान लावला. आत चार जिवंत माणसं होती, आणि मला माझ्याच मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. पुन्हा मी ती गंमत केली नाही.

अपेक्षा, त्याची मुलगी, फार गोड होती, पण कुजबुजत बोलायची. तिला वाटायचं, मराठी ही कुजबुजायचीच भाषा आहे. घरात, दार लावून, तीच भाषा त्या आवाजात ऐकलेली. ती मला 'नानाआजोबा' म्हणायची. माझे केस तेव्हा सगळे काळे होते, निदान शालू रविवारी करायची तेवढे.

आनंदाचं खरं दुखणं आम्हाला कळलं नळ स्टॉपच्या सिग्नलला. दिगंबररावांची जुनी स्कूटर घेऊन तो चालला होता, मी मागे बसलो होतो. दिवा पिवळा झाला आणि हा थांबला. पुण्यात! पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, एक पाय खाली टेकून, हेल्मेटची पट्टी लावून. मागच्या रिक्षावाल्यानं त्याच्या घराण्याचा उद्धार केला. हा हलेना. कोपऱ्यावरच्या हवालदाराला ते खटकलं. इतक्या नेमानं थांबतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, असा त्याचा अनुभव असणार. त्यानं शिट्टी मारून स्कूटर बाजूला घ्यायला लावली.

आनंदानं दोन्ही हात हँडलवर ठेवले. बोटं पसरून. मान सरळ, नजर समोर. हवालदार म्हणाला, "लायसन." हा हलला नाही. इंग्रजीत म्हणाला, "माझं लायसन्स खिशात आहे. मी हात खिशात घालू का?"

हवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना बरं नाही का?"

"अमेरिकेहून आलेत," मी म्हणालो.

"मग घरी न्या," हवालदार म्हणाला. लायसन त्यानं बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या गल्लीत आनंदानं स्कूटर लावली आणि भिंतीला धरून ओकला. मी काहीतरी विनोद करायचा म्हणून म्हणालो, "अरे, मामाच तर होता. शंभर रुपयांचं गिऱ्हाईक." आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराला पोरं मामा म्हणतात, त्यात काय विशेष? पण त्या शब्दावर आनंदानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. मी कुणाच्या मयताची बातमी दिल्यासारखं पाहिलं.

त्या ऑगस्टात पुण्यात स्वाइन फ्लू आला. शाळा बंद, थिएटरं बंद, जो तो तोंडाला फडकं बांधून आणि कापराची पुडी हुंगत हिंडतोय. सगळं शहर घाबरलं होतं, आणि एकटा आनंदा सोहोनी निवांत होता. मास्क लावून तो मंडईपर्यंत चालत जाऊन यायचा. एके दिवशी त्यानं मला हटकून नमस्कार केला. "नाना, आता कुणालाच कुणाचा चेहरा दिसत नाही," तो म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तो आनंद आठवडाभर टिकला. शाळा उघडल्यावर मुलीचं नाव घालायचं म्हणून त्यानं तिचा पासपोर्ट काढला. मुलगी तिकडे जन्मलेली, म्हणून पासपोर्ट तिकडचा, आणि त्यावर आपल्या देशाचा व्हिसा. संपायची तारीख १२/०७. आनंदा महिने महिने सांगत होता, डिसेंबरच्या सातपर्यंत आहे, बराच वेळ आहे. नऊ वर्षं तिकडे राहून त्याला महिना आधी वाचायची सवय लागलेली. त्या दिवशी त्याची नजर व्हिसा दिल्याच्या तारखेवर गेली. तिथे १३/०१ होतं. आणि तेरावा महिना कुठे असतो?

"पंचांगात असतो," कुसुमकाकू म्हणाल्या, "अधिक आला की. पासपोर्टात नसावा."

म्हणजे जुलैची बारा तारीख होऊन महिना उलटला होता. ज्याला घाबरून ही माणसं तिथून निघाली, ते इथे घरात येऊन बसलं होतं. आजोबांच्या घरात, आजीच्या मांडीवर, दिगंबरराव सोहोन्यांची नात पुण्यात बिनकागदाची राहत होती.

मी हसलो. कुणीही हसलं असतं. "अरे, पोलीस आयुक्तांच्या कचेरीत परदेशी लोकांचं खातं आहे, तिथे जाऊन सांग, चुकलो म्हणून. इथलं पोर आहे, कोण काय करणार?"

"नाना, तिथेही आम्हाला लोक हेच सांगायचे," आनंदा म्हणाला. "जाऊन सांगा, कोण काय करणार."

पडदे पुन्हा ओढले गेले. अपेक्षाला खाली खेळायला पाठवणं बंद झालं. आणि रुपालीनं मनात एक बेत केला. तिचा धाकटा भाऊ तेजस हिंजवडीत नोकरीला, त्याची कंपनी त्याला दोन वर्षांसाठी न्यू जर्सीलाच पाठवत होती. रीतसर, कागदपत्रांसकट. त्याच्याबरोबर अपेक्षाला पाठवायचं. ती तिथली नागरिक, तिला तिथे कुणी हात लावू शकत नाही. आई-बापांना मात्र दहा वर्षं जाता येणार नव्हतं. म्हणजे सात वर्षांची मुलगी मामा-मामीकडे वाढणार आणि हे दोघं तिला फोनवर ऐकणार. आनंदा हो म्हणाला. त्याला इथलं भय इतकं होतं की तो कशालाही हो म्हणाला असता. तेजस तिकीट काढायला तिच्या पासपोर्टाची झेरॉक्स घ्यायला येणार, असं एका रविवारी ठरलं.

तेजसला अपेक्षा 'तेजूअंकल' म्हणायची. कुसुमकाकूंना ते खपत नसे. "सख्ख्या मामाला अंकल? हे काय बँकेचे मॅनेजर आहेत?" त्या रविवारी दुपारी त्या गॅलरीत उभ्या होत्या, खाली तेजसची मोटारसायकल थांबली, आणि आतल्या नातीला त्यांनी चांगली खणखणीत हाक दिली:

"अपेक्षा! मामा आले गं!"

तेजस वर आला, पाणी प्यायला, शिरा खायला बसला. अपेक्षा नव्हती. खोलीत नाही, गच्चीवर नाही, जिन्यात नाही. पाचेक मिनिटांत सगळी बिल्डिंग 'अपेक्षा, अपेक्षा' करत होती. रुपाली अनवाणी गेटपर्यंत धावली. आनंदा मात्र जागचा हलला नाही, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याला कळलं होतं. त्याच्या तोंडून ते बाहेर पडत नव्हतं.

ती सापडली आमच्या घरात. आमचं दार दिवसभर उघडं असतं. मी चेहऱ्यावर पाणी मारायला म्हणून बाथरूममध्ये गेलो, दिवा लावला, तर पाण्याच्या पिंपामागे ती उकिडवी बसलेली. तोंडाला मास्क, चपला हातात.

"नानाआजोबा, लाइट बंद करा," ती कुजबुजली.

मी बंद केला. का केला ते सांगता येणार नाही. पिंपाच्या नळाला गळती होती, तेवढाच आवाज.

"मामा गेले?" तिनं विचारलं.

"गेले कुठले! शिरा खातोय तुझा मामा."

"आई-बाबांना नेलं?"

तोंडाशी आलेला विनोद मी गिळला. बाहेर लोक तिच्या नावानं जितक्या मोठ्यानं ओरडत होते, तितकी ती पिंपाला घट्ट चिकटत होती.

"कुणी नेलं नाही," मी म्हणालो. "चल, दाखवतो."

"खरं नसेल तर मी इथेच थांबते. आई म्हणते, शेजाऱ्यांकडे जायचं, बाथरूममध्ये बसायचं, ओळखीच्या आवाजानं हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

नंतर जिन्यात उभ्या उभ्या रुपालीनं सांगितलं. आनंदाचं तिथलं लायसन्स संपलं होतं, तरी गाडी चालवावी लागायची. मागे पोलिसांची गाडी दिसली की हे दोघं पुण्यातल्या सवयीनं म्हणायचे, मामा आले. पुढे दारावर कुणी धडका मारल्या तरी मामा आले. मुलीला तोच शब्द शिकवला. तो बाहेरच्या कुणाला कळण्याची भीती नव्हती. मामा आले की आवाज बंद, तिथल्या खालच्या मजल्यावरच्या हंसाबेनकडे जायचं आणि बाथरूममध्ये बसायचं. एका सकाळी समोरच्या इमारतीतून अपेक्षाच्या वर्गातल्या मुलाच्या आई-बापांना बिनकागदाचे म्हणून धरून नेलं. संध्याकाळी तो शाळेतून आला तर घराला कुलूप. तो कुलपाकडे बघत पायरीवर बसला होता, ते अपेक्षानं खिडकीतून पाहिलं. त्याच महिन्यात यांनी तिकिटं काढली. इकडच्या सख्ख्या मामाला पोरीसमोर मामा म्हणायची सोयच राहिली नव्हती. तो शब्द कामाला लावून झाला होता.

तेजस शिऱ्याची बशी हातात घेऊन ऐकत होता. "ताई, व्हॉट इज धिस? आय मीन, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"मी मामाच म्हटलं ना? यात काय चुकलं?" कुसुमकाकू म्हणत होत्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला ऐकला मी.

अपेक्षा आईच्या पदराआडून तेजसकडे बघत होती. "तू मामा आहेस?"

"हो गं राणी. तुझा मामा."

"मग तू कुणाला न्यायला आलास?"

जिन्यात आम्ही सहा-सात जण होतो. आमच्यातल्या कुणाच्याही जिभेला हाड नाही अशी ख्याती आहे. जो तो आपापल्या दारात शिरला.

दुसऱ्या दिवशी तेजसचा फोन आला. त्यानं कंपनीतल्या कुणाला तरी विचारलं होतं. "भाऊजी, छोटा प्रॉब्लेम आहे. व्हिसा एक्स्पायर झालेल्या माणसाला इथून बाहेरही जाता येत नाही. एक्झिट परमिट लागतं. ते पण पोलीस आयुक्तालयातच."

म्हणजे मुलीला ठेवायची तरी तिथेच जायचं, आणि पाठवायची तरी तिथेच. आता टाळायला जागा उरली नव्हती. सोबत कुणी हवं म्हणून आनंदानं मला विचारलं. मी सगळीकडे ओळखी असल्याचं सांगत असतो, त्याचं हे फळ.

रिक्षात आनंदा, रुपाली, अपेक्षा आणि मी असे दाटीवाटीनं बसलो. कचेरीच्या फाटकाशी आनंदा थांबला. आत जीप उभ्या होत्या, खाकी माणसं येत-जात होती. त्यानं मुलीचा हात असा धरला होता की तिची बोटं पांढरी पडली. मला वाटलं, हा आता मागे फिरणार. तो पुढे गेला. पायाखाली फरशी आहे की नाही ते चाचपत चालावं तसा चालत गेला.

खात्याच्या खोलीत इराणी विद्यार्थी, दोन आफ्रिकी मुली, एक म्हातारा जर्मन योगी आणि आम्ही. खिडकीतल्या साहेबांचा मास्क हनुवटीवर होता.

"फॉरेनर कोण?"

मी अपेक्षाला पुढे केलं. साहेब उठून खाली वाकून बघायला लागले. "ही? नाव काय बाळ?"

"अपेक्षा आनंद सोहोनी," ती कुजबुजली.

"राहणार कुठे?"

"निशिगंध सोसायटी, कर्वेनगर."

"कर्वेनगरचे फॉरेनर! आता एवढंच राहिलं होतं." मागचे इराणी काही न कळता हसले. साहेबांनी पासपोर्ट उलटला, तारीख पाहिली, हसू थांबवलं. "हे बरं नाही हं. आधी यायला हवं होतं. दंड लागेल, खुलासा लिहून द्यावा लागेल. बरं, काय करायचं? एक्झिट की एक्स्टेन्शन?"

"एक्झिट," रुपाली म्हणाली.

"एक्स्टेन्शन," आनंदा म्हणाला.

दोघंही एकाच क्षणी. मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. रुपालीच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे तिला आत्ताच कळतंय. बहुतेक त्यालाही आत्ताच कळत होतं.

साहेबांनी पासपोर्ट परत सरकवला. "आधी एकमत करा. एका मुलीचे दोन अर्ज मी घेत नाही. जेवणाची सुटी झालीये, नंतर या."

बाहेर सायकल स्टँडजवळ एक कट्टा होता. तिथे दोघं बसले. मी अपेक्षाला जीप दाखवायच्या निमित्तानं चार पावलं बाजूला नेलं. कान तिथेच ठेवले, ते मला न्यायची सवय नाही.

"तू तेजूला शब्द दिला होतास," रुपाली म्हणाली.

"दिला होता."

"मग? तिला तिथे कुणी हात लावू शकत नाही, आनंद. आपण सगळं सोसलं त्यातनं ही एकच गोष्ट हाताला लागली. तीही फेकून द्यायची?"

"ती रविवारी पिंपामागे बसली होती."

"म्हणूनच! इथेही ती लपतेच आहे ना? तिथे निदान स्वतःच्या नावानं राहील. शाळेच्या बसमध्ये बसेल. मोठ्यानं बोलेल."

आनंदा कट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"तेजूची दोन वर्षं संपली की?" तो म्हणाला.

"मग बघू."

"आपण असंच म्हणायचो."

रुपालीनं मांडीवरचा पासपोर्ट मिटला.

"बाबा गेले तेव्हा चुलतभावानं वैकुंठ स्मशानभूमीत मोबाइल धरून ठेवला होता," आनंदा म्हणाला. "मी पंपाच्या मागे उभा होतो, कॉलिंग कार्ड लावून. गुरुजींचा आवाज येत होता, आईचा येत नव्हता. मी म्हणत होतो, आईकडे दे, आईकडे दे. तेवढ्यात पैसे संपत आले म्हणून ती कार्डातली रेकॉर्डची बाई मधे बोलली, यू हॅव वन मिनिट. अग्नी दिला की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही. आईला विचारायची छाती झाली नाही. अजून रोज ती बाई ऐकू येते मला, दात घासताना, जेवताना. बापाला फोनवर पोचवलं मी. मुलीला फोनवर वाढवणार नाही."

"आणि उद्या मोठी होऊन तिनं विचारलं, का नाही पाठवलंत?"

"माझं नाव सांग."

अपेक्षा जीपच्या काचेत आपलं तोंड बघत होती. मागून रुपालीचा आवाज आला, फार हळू. "तूच बोल खिडकीत. माझ्या तोंडून ते निघणार नाही." तिनं डोळे पुसले नाहीत. मास्क जरा वर ओढला, बस्स.

सुटी संपली. साहेब दातात बडीशेप अडकलेल्या चेहऱ्यानं परत आले.

"झालं एकमत?"

"एक्स्टेन्शन," आनंदा म्हणाला. "आणि पुढे तिला इथलीच नागरिक करायचंय. त्याला काय काय लागतं तेही सांगा."

त्याचा आवाज नेहमीसारखाच खाली होता, पण खिडकीच्या आत पोचला. साहेबांनी हातातलं पेन ठेवलं. त्यांनी निळा पासपोर्ट उचलून हातात तोलला आणि माझ्याकडे, रुपालीकडे, शेवटी त्याच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच हळहळ वाटत होती.

"अहो सोहोनी, शिकले-सवरलेले दिसता. लोक तिकडे जायला मरतात हो."

"मरतात साहेब," आनंदा म्हणाला. "आम्ही दोघं मरूनच आलोय. तुम्ही पोरीचं बघा."